वाचकांचे प्रश्न : काटेवाला मासा आणि काट्याचा घाव

प्रश्न (कराड) : माझा मुलगा शिक्षणासाठी नॉर्वेत बर्गनला आहे. धक्क्यावर गळ टाकला तेव्हा त्याला बेडकासारख्या तोंडाचा, मोठ्या डोक्याचा, काटेरी मासा लागला. इंग्रजीत त्याला स्कल्पिन म्हणतात. काटा बोटात गेला. मासा विषारी आहे का? खाता येतो का?

उत्तर : विषारी नाही, घाबरू नका. उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवर दगड-शेवाळात बसून राहणारा हा मासा. त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते, म्हणून पोहणं थांबलं की तो तळाशी जातो. समोरून खेकडा किंवा छोटा मासा गेला की झडप घालतो. काटे कल्ल्यांच्या झाकणावर आणि डोक्यावर असतात. हात लागला की तो झाकणं फुगवतो, मग काटे बाहेर येतात आणि बोट फाटतं.

जखम साबण लावून वाहत्या पाण्यात धुवायची. काट्याचं टोक आत राहिलं असेल तर चिमट्याने काढायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते पाहायचं. दोन दिवसांनी सूज, लाली किंवा ठणका वाढला तर डॉक्टरकडे जावं. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातून जंतुसंसर्ग होतो, खरा त्रास त्याचाच.

त्याच समुद्रात वाळूत दडून बसणारा वीव्हर नावाचा मासा मात्र खरोखर विषारी आहे. त्याच्या पाठीवरच्या पहिल्या पराच्या आणि कल्ल्याच्या काट्यांत विष असतं. तो टोचला तर हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा. उष्णतेने ते विष निकामी होतं. दुखणाऱ्या हाताला उष्णतेचा अंदाज येत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावं. दोरी आवळून बांधू नये.

गळ काढताना मासा ओल्या जाड कापडात शेपटीकडून धरावा आणि लांब चोचीची पक्कड वापरावी. तोंड मोठं असल्याने तो गळ खोलवर गिळतो, ओढाताण केली तर आतडी फाटतात. हवेची पिशवी नसल्यामुळे वर आणला तरी तो कॉडसारखा फुगत नाही, परत सोडला तर सहसा जगतो. लहान असेल तर जरूर सोडावा.

खायचा असेल तर बंदराच्या आतला नको, तिथल्या गाळात धातू आणि रसायनं साठलेली असतात. डोकं शरीराच्या मानाने एवढं मोठं की एका माशातून हातात फार कमी मांस येतं. छातीच्या परांच्या मागून डोकं कापून टाका, कातडी सोलून घ्या, शेपटीकडचं पांढरं घट्ट मांस रश्शात घाला. अंडी मात्र फेकून द्या. याच्या अमेरिकेतल्या कॅबेझॉन नावाच्या भाऊबंदाची अंडी विषारी असतात. तेव्हा या कुळातली अंडी न खाणंच शहाणपणाचं.

प्रश्न (सांगली) : कृष्णेतला शिंगाळा साफ करताना काटा लागला, तासभर आग होत होती. काय चुकलं?

उत्तर : आधी काटे काढायला हवे होते. पाठीवर एक आणि छातीला दोन्ही बाजूंनी एकेक असे तीन काटे. छातीचे मागच्या बाजूला करवतीसारखे दातेरी असतात, आणि मासा मेला तरी ताठ अडकून राहू शकतात. राख चोळून पकड घट्ट करा, पक्कडीने तिन्ही काटे मुळाशी मोडा, मगच पोट फाडा. टोचला तर दाताने किंवा हिसक्याने ओढू नका, दात्यांमुळे मांस फाटतं. ज्या वाटेने घुसला त्याच वाटेने सरळ मागे, सावकाश काढा, धुवा, आणि वर सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात धरा.

प्रश्न (महाबळेश्वर) : वेण्णा तलावाकाठी थंडीत दवबिंदू गोठतात. मग बर्फाळ समुद्रात मासे कसे गोठत नाहीत?

उत्तर : आपल्याकडे दव गोठतं ते गवतावर, तलावाचं पाणी तेवढं गार होत नाही. खारट समुद्र मात्र उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतो, आणि माशाचं रक्त त्याआधीच, शून्याखाली एक अंश जायच्या आत गोठायला हवं. थंड भागातला स्कल्पिन हिवाळ्यात एक खास प्रथिन तयार करतो. रक्तात बर्फाचा बारीक कण झाला की ते प्रथिन त्याला चिकटतं आणि वाढू देत नाही. उन्हाळा आला की रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं.