पायांची आग आणि एमआरआयचा कागद

प्रश्न : डॉक्टरसाहेब, रामकृष्ण हरी. वय ५३, औशाजवळच्या गावात शिलाईचं दुकान आहे. काही वर्षांपासून दोन्ही तळपाय नुसते भाजतात. आधी बोटांना मुंग्या यायच्या, आता घोट्याच्या वर बधिरपणा आलाय. दिवसा कामाच्या नादात भागतं, रात्री पांघरूणसुद्धा पायावर सहन होत नाही. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू आहे, उपाशीपोटी साखर १६० च्या आसपास. मी माळकरी, दूधही चहापुरतंच. कुणी वात सांगितला, कुणी युरिक ॲसिड. गावातले डॉक्टर सलाईन आणि लाल सुई देतात, दोन दिवस बरं वाटतं. शेवटी एमआरआय काढला, त्यात डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यातली गादी फुगलेली, आला. आता मणक्याचं ऑपरेशन करा म्हणतात. म्हैस विकायला काढलीय. करू का? आणि आषाढीला दरवर्षीसारखं अनवाणी जाऊ का?
– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : म्हैस तूर्त दावणीलाच राहू द्या. एमआरआयच्या कागदापेक्षा तुमची चप्पल आणि तोंड धुणंच मला जास्त सांगून गेलं.

मणक्यातली गादी सरकून नस दबली, तर दुखणं बहुधा एकाच पायात उतरतं. कमरेतून मांडीवाटे खाली, एका पट्ट्यात. खोकलं-शिंकलं की कळ जाते. तुमचं दोन्ही पायांत, बोटांपासून सुरू होऊन वर चढलंय. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून नसांचा आजार आधी तिथं दिसतो. मग तो बल्ज? पाठीची काही तक्रार नसलेल्या चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी सुमारे निम्म्यांत बल्ज सापडतो. केस पिकावेत तसं ते. ज्याला हात लावून तपासलं नाही, त्याचा नुसता फोटो पाहून ऑपरेशन ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा संशय दोघांवर आहे, आणि दोघं एकत्रही असू शकतात. एक, साखर. दुसरा, बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व मांस, अंडी, दूध यांतूनच मिळतं, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते आतड्यातून कमी शोषलं जातं. माळ आणि गोळी दोन्ही एकाच माणसाकडे म्हटल्यावर बी-१२ न तपासता पुढं जाऊच नये. डोळे मिटल्यावर झोक जातो तोही याच वाटेचा. पाय कुठं टेकलाय ही खबर नसा देईनाशा झाल्या की माणूस डोळ्यांवर तोल सांभाळतो. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ चांगलं, असं धरू नका. आणि गोळी मनाने बंद करू नका.

आता ती लाल सुई. तिच्यात बहुतेक वेळा बी-१२ असतंच. त्यामुळं रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो. शेवटची सुई कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा. शंका राहिली तर ते रक्तातलं होमोसिस्टीन तपासतील, बी-१२ कमी पडलं की ते वाढतं.

लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनच्या ओपीडीत जा. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. बी-१२, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी, थायरॉईड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढ्या रक्ततपासण्या पुरतील. पायाला कंपनाचा चिमटा लावून, नायलॉनचा धागा टोचून संवेदना बघतील, पावलावरची नाडी बघतील. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि आजवर कुणी केल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही.

कमतरता निघाली तर बी-१२ ची इंजेक्शनं, आधी जवळजवळ, मग लांबवत. नसा भरून यायला महिने लागतात, आणि उशीर जितका जास्त तितका बधिरपणा मागे उरण्याचा धोका. रात्रीच्या आगीसाठी ॲमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबालिन अशा गोळ्या असतात. कमी डोसापासून हळूहळू वाढवायच्या, गुण यायला काही आठवडे द्यायचे. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाचा या आगीवर फारसा उपयोग नाही, मूत्रपिंडाला मात्र भुर्दंड. त्या सलाईनमध्ये स्टेरॉईड जात असेल तर साखर आणखी चढेल.

वारीला तपासणी करून, डॉक्टरांनी हो म्हटलं तरच जा. अनवाणी मात्र अजिबात नाही. पांडुरंग बुटाचा राग धरणार नाही. बधिर पायात काटा मोडला तर कळणार नाही. गरम विटेचा, वाळूचा शेक बंद. रोज रात्री तळवे घरच्यांकडून बघून घ्या, फोड दिसला की थांबा.

एक अपवाद लक्षात ठेवा. पाऊल अचानक लुळं पडलं, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. तेव्हा मणक्याचं ऑपरेशन खरंच लागू शकतं, आणि तिथं तास महत्त्वाचे असतात.