ब्रिज कोर्ससाठी प्राचार्यांना कसं तयार करायचं?

प्रश्न: आमचं तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज आहे, मी केमिस्ट्री शिकवतो. एफवायला येणारी बरीचशी मुलं मराठी मीडियमची, काही आश्रमशाळेतली, बारावीपर्यंत ब्युरेट हातात न धरलेली. हुशार असतात पण पहिल्या सेमिस्टरलाच हातपाय गाळतात. ब्रिज कोर्स, म्हणजे सुरुवातीलाच कच्चा पाया भरून काढणारा वर्ग, आणि तिथून पुढे जॅम (आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) आणि एमएस्सीपर्यंत हात धरून नेणारा तीन वर्षांचा कार्यक्रम करायचाय. प्राचार्य दर वेळी "छान आहे, बघू" म्हणतात आणि संस्थेचे सचिव म्हणतात पैसे नाहीत. काय करू?

उत्तर: सर, "बघू" म्हणजे नाही असं लगेच धरू नका. प्राचार्यांना कल्पना आवडलेलीही असते, पण डोक्यात ॲडमिशन, वर्कलोड म्हणजे शिक्षकांचे तास, नॅकचं मूल्यांकन आणि उद्या तुम्ही दमलात तर हे कोण चालवणार हा प्रश्न असतो, त्याचं उत्तर प्रस्तावात नसेल तर ते सही कशावर करणार?

म्हणून आधी ऑफिसमधून आकडे काढा. तीन वर्षांपूर्वी एफवायला किती ॲडमिशन झाली, त्यातली टीवायला किती पोचली, सेम वनला केमिस्ट्री-मॅथ्समध्ये किती जणांना एटीकेटी लागली, हे सगळं लेजरमध्ये असतं, परीक्षा विभागातल्या क्लार्कबरोबर एक दुपार बसलात की निघतं. एका पानावर मांडा, पॉवरपॉइंट नको. अनुदानित कॉलेजात एसवायची संख्या घटली की वर्कलोड घटतो आणि शिक्षकांच्या पदांवर येतं, हे प्राचार्यांना कुणी समजवावं लागत नाही, फक्त तुमच्याच कॉलेजचा आकडा त्यांच्या टेबलावर असला पाहिजे. मुलांसाठीची तळमळ तुमच्याकडे आहेच, ती या पानाच्या मागे उभी राहू द्या.

आणि पहिल्या वर्षी पैसे मागूच नका! टाइमटेबलमध्ये जागा मागा. कॉलेज सुटल्यावर ठेवलेला ब्रिज कोर्स खेड्यातल्या मुलांसाठी नसल्यासारखाच, कारण त्यांची एसटी निघून जाते आणि घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत, मुलींना तर नाहीच. टाइमटेबलमधला तास, एक लॅब आणि एक लॅब अटेंडंट, एवढं प्राचार्य स्वतःच्या अधिकारात देऊ शकतात, त्यासाठी सचिवांकडे जावंच लागत नाही.

यापुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हे तोंडी ठेवू नका, महाविद्यालय विकास समितीत न्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 97 प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात ही सीडीसी असते, वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात आणि कॉलेजचं वार्षिक अंदाजपत्रक तिच्याकडूनच जातं. तिच्यात शिक्षकांचे तीन प्रतिनिधी असतात, आयक्यूएसीचे म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे समन्वयक असतात, स्थानिक सदस्यांत किमान एक माजी विद्यार्थी असतो. बैठकीआधी या मंडळींना भेटा, ते एक पान द्या, विषय अजेंड्यावर घ्यायला लावा, समन्वयकांना सांगा की हे नॅकच्या पाचव्या निकषात म्हणजे विद्यार्थी सहाय्य आणि प्रगतीत धरता येतं, नॅकला दरवर्षी जाणाऱ्या गुणवत्ता अहवालात म्हणजे एक्यूएआरमध्ये दाखवता येतं. प्राचार्यांची मुदत पाच वर्षांची, पण सीडीसीचा ठराव आणि पुढे बजेटमधली छोटीशी ओळ नव्या प्राचार्यांनाही पुसून टाकायला जड जाते.

एक उदाहरण सांगते. अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी विद्यापीठात 1988 मध्ये मायरहॉफ स्कॉलर्स हा कार्यक्रम उभा राहिला, सुरुवातीला कृष्णवर्णीय मुलांसाठी, पहिलं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी उन्हाळ्यात ब्रिज आणि मग गटाने अभ्यास. तो उभा करणारे फ्रीमन ह्राबाउस्की 1992 मध्ये त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि 2022 पर्यंत राहिले, म्हणजे कार्यक्रमावर तीस वर्षं वरून हात होता. आपल्याला तसा हात नशिबाने मिळेल न मिळेल, म्हणून तर ठरावाचा आग्रह धरतेय.

सचिवांचं म्हणाल तर त्यांना वर्ग बघायला बोलवा. टायट्रेशनमध्ये फिकट गुलाबी रंग आल्यावर ब्युरेटची तोटी बंद करायची हे पहिल्यांदा जमलेल्या मुलीला त्यांच्यासमोर बोलू द्या, तुम्ही मागे थांबा. त्यानंतरच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) स्टार कॉलेज या अनुदान योजनेसारख्या अर्जावर त्यांची सही मागा.

तारखांचं मात्र बघा. जॅम फेब्रुवारीत होते, फॉर्म सप्टेंबरच्या सुमाराला सुटतात, म्हणजे टीवायच्या मुलांची तयारी जुलैला सुरू झाली पाहिजे आणि एफवायचा ब्रिज ॲडमिशन संपल्या संपल्या. त्यामुळे विषय उन्हाळी सुट्टीच्या आधीच्याच सीडीसीत यायला हवा. अजेंडा कधी निघतो ते उद्याच विचारून घ्या.