बाबा त्या वर्षांबद्दल बोलत का नाहीत?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं निवडली, चारही गिरणगावाबद्दलची, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागाबद्दलची. मी स्वतः डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढले, जन्म 1970 चा, त्यामुळे काही ठिकाणी उत्तर लांबलंय, समजून घ्या.

प्रश्न : ताई, माझे बाबा लालबागला वाढले, 1968 चा जन्म. आजोबा गिरणीत होते. आता आम्ही ठाण्याला सोसायटीत राहतो, वॉचमन आहे, कॅमेरे आहेत, तरी माझा तेरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी सातनंतर खाली दिसला की बाबांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. परवा तो साडेसातला वर आला तर बाबांनी त्याच्या कानाखाली मारली. मी चिडले, विचारलं असं काय झालं होतं तुमच्या लहानपणी, तर म्हणाले तुला नाही कळणार, आणि उठून गेले. लालबाग खरंच इतकं वाईट होतं का?

उत्तर : पहिलं आधी सांगते, मारणं चूक आहे आणि ते तू बाबांना शांतपणे पण स्पष्ट सांग, त्यांचं बालपण कसंही गेलेलं असो. ते सांगून झालं की मग दुसरं बघ, जे तुझ्या पत्रातच आहे आणि तुझ्या लक्षात आलेलं नाही. बाबा 1968 चे, म्हणजे 1982 साली चौदा वर्षांचे. तुझा मुलगा आज तेराचा. माझ्या मते बाबांना तुझा मुलगा दिसतच नाहीये गं, त्यांना खाली उभा असलेला चौदा वर्षांचा दुसराच कोणीतरी मुलगा दिसतोय.

18 जानेवारी 1982 ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, साठच्या वर गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. आम्हाला लहानपणापासून गिरणीच्या भोंग्यावर वेळ कळायची, भोंगा झाला की आई उठणार, भोंगा झाला की बाबा येणार, आणि एक दिवस तो थांबला. पहिले दोन-तीन महिने घरात जोश होता, सभा, मोर्चे, बाबा नवीन शर्ट घालून जायचे. बोनस, पगार, बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरतं घेतलेल्यांना, कायम करणं आणि 1946 चा तो कायदा ज्याने एकाच युनियनला मान्यता होती तो काढून टाकणं, हे सगळं मला बारा वर्षांची असताना पाठ होतं, कारण घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. पावसाळा आला तेव्हा आवाज बंद झाले. पितळेची भांडी गहाण गेली, आधी हंडा, मग परात, मग ताटं. माझी मोठी बहीण नववीत होती, ती शाळा सोडून काज-बटणं करायला लागली आणि परत कधी गेली नाही शाळेत. धाकट्या भावाला गावी आजीकडे पाठवलं. आणि बाबा दिवसभर घरात. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत आठ माणसं राहू शकत होती कारण एक माणूस कायम पाळीवर असायचा, एक शाळेत, एक बाहेर, तोच माणूस दिवसभर भिंतीला टेकून बसायला लागला की खोलीत श्वास घेता यायचा नाही.

आता संध्याकाळचं. अंधार पडला की काय काय व्हायचं ते मला आठवतं तसं सांगते. कोणीतरी लपून कामाला जातोय म्हणून कळायचं आणि त्याच्या दारावर माणसं जायची, पोलिसांची गाडी यायची, आणि दगड मारायला पुढे कोण, तर तेरा-चौदा वर्षांची पोरं, कारण ती पळतात जोरात आणि पकडली तरी लहान म्हणून सुटतील असं मोठ्यांना वाटायचं. 18 ऑगस्टला तर खुद्द मुंबईचे पोलीसच संपावर उतरले, जाळपोळ, लूट, लष्कर बोलवावं लागलं. त्या दिवशी आमच्या पॅसेजमधल्या सगळ्या बायका जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसल्या होत्या, एकही मुलगा खाली उतरू नये म्हणून. त्याच सुमाराला गर्द, ती हेरॉइनची नशा, आली मुंबईत, पुडी स्वस्तात मिळायची, आणि दोन-तीन वर्षांत जिन्याखाली बसलेली हुशार हुशार पोरं वाळून गेली.

यातलं तुझ्या बाबांचं नेमकं काय आहे ते मला माहीत नाही. पण त्यांना “काय झालं होतं” असं विचारू नकोस, त्या प्रश्नाला आमच्या पिढीतली माणसं उत्तर देत नाहीत, विशेषतः पुरुष. छोटं विचार. त्या वर्षी तुम्ही गावी गेलात की मुंबईतच राहिलात? रेशनच्या लाइनीत कोण उभं राहायचं? आजोबा दिवसभर काय करायचे? तुमच्याबरोबर खेळणारे किती होते, त्यातले आता कुठे आहेत? हा शेवटचा प्रश्न एकदम नको, दोन-चार वेळा बोलणं झाल्यावर. आणि मुलाला बाजूला बसव, त्याला कळू दे की आजोबांचा हात का उठला, माफ करायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल.

प्रश्न : आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर सतत येतं की पूर्वी चाळीत दारं उघडी असायची, बाई रात्री बारा वाजता एकटी फिरू शकायची, सगळे एकमेकांचे होते. माझी आई हे वाचून काहीच बोलत नाही, नुसती फोन बाजूला ठेवते. तुम्ही बाई म्हणून सांगा, खरं होतं का?

उत्तर : अर्धं खरं होतं, पण जे कारण सांगतात ते नाही.

दारं उघडी होती कारण बंद केली तर हवा येत नव्हती. बीडीडी चाळी 1920 च्या दशकात सरकारने बांधल्या, तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधे लांब अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या, समोरासमोर दारं उघडी ठेवली तरच वारा खेळायचा. म्हणजे समोरच्या घरात भाजी कुठली हे कळायचं तसं समोरचा नवरा बायकोला मारतोय हेसुद्धा कळायचं, आणि तेव्हा बहुतेक वेळा आपल्या घरातला रेडिओ मोठा व्हायचा. तुमच्या आईने फोन बाजूला ठेवला तर मला त्याचं नवल वाटत नाही.

रात्री बाराचं मात्र खरं आहे आणि हे मी अगदी मनापासून सांगते. दुसरी पाळी बाराच्या सुमारास सुटायची आणि तिसरी चढायची, त्या वेळी रस्त्यावर हजारो माणसं असायची, चहावाले, पानवाले, खानावळीतून डबे, कोणी सायकलवर कोणी चालत. केईएम हॉस्पिटलमधून उशिरा सुटलेली नर्स त्या गर्दीतून घरी यायची आणि तिला भीती वाटत नव्हती. माणसं देव होती म्हणून नव्हे, पाळ्या होत्या म्हणून. ओळखीचे डोळे होते, वाकडं वागलास तर उद्या खात्यात तुझ्या बापाला कळणार, हा धाक होता. गिरण्या बंद पडल्या आणि तेच रस्ते नऊ वाजताच ओस पडायला लागले, मोठमोठ्या भिंती आणि आत अंधार, कॉलेजला असताना मी त्याच रस्त्यावरून अक्षरशः पळत यायचे, जिथून माझी आई रात्री साडेबाराला आरामात यायची. तीच चाळ, तेच शेजारी.

आणि चाळीच्या आत आम्हा मुलींना वेगळे नियम होते. संडास सामाईक, त्यामुळे अंधार पडल्यावर एकटीने जायचं नाही, बहिणीला नाहीतर शेजारच्या मुलीला उठवायचं, एकीने बाहेर थांबायचं. पॅसेजमध्ये पुरुष झोपलेले असायचे, त्यांच्या मधून वाट काढत जायचं, खाली बघून. यावर कोणी पोस्ट लिहित नाही कारण यावर तेव्हाही कोणी बोलायचं नाही.

अजून एक राहिलं. गिरणगावात घर सोडून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या, चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक एका स्टोव्हवर करणाऱ्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या हातातून सोडवलं. संपाच्या काळात पुरुषांचा पगार थांबला तेव्हा कितीतरी घरं अशा डब्यांवर उभी राहिली. “सगळे एकमेकांचे होते” असं लिहिताना या बायका आधी आठवायला हव्यात. तुमच्या आईशी बोलाल तेव्हा ग्रुपवरच्या त्या पोस्टचा विषय काढू नका, फक्त विचारा की रात्री तुला कोण सोबत करायचं.

प्रश्न : आजोबा 1985 पर्यंत गिरणीच्या कागदावर होते असं घरात म्हणतात. गिरणी कामगारांना म्हाडाची घरं मिळतात, त्यासाठी वारस म्हणून काय जमवावं?

उत्तर : 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर असल्याची नोंद लागते, त्यामुळे संपामुळे सगळं गेलं असं समजून गप्प बसू नका, 2012 च्या म्हाडाच्या पहिल्या सोडतीपासून वारसांनाही घरं मिळालेली आहेत. तिकीट नंबर, खात्याचं नाव, पगाराची स्लिप, ईएसआयचं कार्ड, पीएफचा नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, जे सापडेल ते. पत्र्याची जुनी ट्रंक आणि देवाच्या फोटोंच्या मागची बाजू बघा, आमच्याकडे बाबांचं हजेरी कार्ड तिथेच मिळालं. वारसांमध्ये आत्यांची नावं गाळू नका. मध्ये पैसे मागणारा कोणी आला तर एक रुपया देऊ नका.

प्रश्न : माझं वय 54. थोरला भाऊ ऐंशीच्या दशकात एका टोळीत गेला आणि तेविसाव्या वर्षी मारला गेला. आईने त्याचे सगळे फोटो काढून टाकले, आम्ही त्याचं नाव घेत नाही. आता माझ्या मुलीला कुठूनतरी कळलं, ती म्हणते काका गुंड होता का. परळमधल्या त्या टोळ्यांवर आता लोक कौतुकाने बोलतात, ते ऐकून मला कसंतरी होतं. मुलीला काय सांगू?

उत्तर : दादा, हे पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं.

मुलीला हो म्हणा. गुंड होता का, तर हो, होता. हे लपवलंत तर पुढचं काहीच तिला खरं वाटणार नाही. पण तिथे थांबू नका. मन्या सुर्वे या गँगस्टरला 11 जानेवारी 1982 ला वडाळ्याला पोलिसांनी मारलं, मुंबईतलं पहिलं एन्काउंटर म्हणतात ते, आणि बरोबर सात दिवसांनी संप सुरू झाला. माझ्या डोक्यात या दोन तारखा कायम शेजारी शेजारी राहिल्यात. टोळ्या संपाच्या आधीही होत्या, मटका होता, हातभट्टीचे अड्डे होते, दादा लोक होते, त्यामुळे संपामुळे गुंड झाले असं सरळ गणित मी मांडणार नाही, तसं मांडलं तर त्याच चाळीतून रोज वडापाव विकून घर चालवणाऱ्या पोरांवर अन्याय होईल. पण पूर्वी अठरा वर्षांचा झाला की बाप मुकादमाला भेटायचा आणि मुलगा बदलीवर लागायचा. ते दार बंद झालं. आणि त्याच वेळी नाक्यावर कोणीतरी उभं होतं जे विचारत होतं, काय रे, काही करतोस का.

माझ्या मजल्यावरचा एक मुलगा असाच गेला. कबड्डीत चढाईला असा होता की बाहेरच्या मंडळाची माणसं बघायला यायची. सुरुवात काहीच नव्हती, एक पाकीट इथून तिथे पोचव, रात्री एका गेटजवळ थांब. पहिल्या पैशातून त्याने आईला साडी आणली आणि तिने विचारलं नाही कुठून आणली, आणि मग ती उरलेलं आयुष्यभर त्या न विचारण्याबद्दल रडत राहिली. तुमच्या आईने फोटो काढले त्यामागे लाज आहेच, पण मला वाटतं असंच काहीतरी आणखीही असेल.

कौतुक करणाऱ्यांबद्दल तुम्हाला जे वाटतं ते अगदी योग्य आहे, ते सोडू नका. तुमच्या मुलीला हेही सांगा की काकाने कोणाला तरी घाबरवलं असेल, कोणाच्या दुकानातून पैसे घेतले असतील, कोणाच्या घरी त्याच्यामुळे अंधार झाला असेल, आणि तुम्हाला त्यातलं जे माहीत आहे ते नाव न घेता सांगा. आणि मग तो घरात कसा होता ते सांगा. तुम्हाला सायकल कोणी शिकवली, झोपताना कोणाची गोधडी ओढायचा, कुठल्या विषयात नापास व्हायचा. तेवीस हे वय किती लहान असतं ते तिला आज कळणार नाही, तिच्या ओळखीतल्या कुठल्यातरी तेवीस वर्षांच्या मुलाचं नाव घ्या, कॉलेज संपवून नुकता नोकरीला लागलेला, म्हणजे कळेल.

फोटो आईने काढले म्हणजे फाडले असं नाही. त्या कबड्डीवाल्या मुलाच्या आईकडे, आमच्या काकूंकडे, त्याचा शाळेचा फोटो रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आतल्या बाजूला होता, त्या गेल्यावर सापडला, पांढरा शर्ट, केसांना तेल, छातीवर मंडळाचा बिल्ला. आई आहेत ना अजून? मग त्यांना विचारा, मुलीला बरोबर घेऊन.