शेगडी नीट पेटते, वास येत नाही, तरी बोटीवरील गॅस का आणि कसा तपासावा

आपण विचारले आहे की, नुकत्याच घेतलेल्या जुन्या शिडाच्या बोटीवरील दोन बर्नरची शेगडी व्यवस्थित पेटते आणि गॅसचा वासही कधी येत नाही, तर दरवर्षी सगळी गॅसव्यवस्था तपासण्याची खरोखर गरज आहे का, आणि त्यातले कोणते काम स्वतः करता येईल. गरज निश्चित आहे. शेगडी पेटते यावरून गॅस बर्नरपर्यंत पोहोचतो एवढेच कळते. वाटेत तो आणखी कुठे निसटतो आहे का, हे त्यावरून कळत नाही.

वासावर विसंबू नये याचे कारण बोटीच्या रचनेतच आहे. सिलिंडरमध्ये असणाऱ्या वायूंपैकी प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो. घरात निसटलेला गॅस दाराच्या फटीतून थोडाफार तरी बाहेर जातो. बोटीचा तळ मात्र घमेल्यासारखा सर्व बाजूंनी बंद असतो, आणि तिथे उतरलेला गॅस आपणहून बाहेर पडत नाही. नाक वर असते आणि गॅस फळ्यांखाली साचत जातो. हवेत प्रोपेनचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की ठिणगी पुरते, आणि ठिणगी टाकणाऱ्या वस्तूही नेमक्या तिथेच असतात: तळातले पाणी उपसणारा स्वयंचलित पंप, त्याचा तरंगता स्विच, इंजिनाचा स्टार्टर. शिवाय वास फार वेळ येत राहिला तर नाक त्याला सरावते.

म्हणून मी तपासणीची सुरुवात शेगडीपासून न करता सिलिंडरच्या कप्प्यापासून करतो. गळती कधी ना कधी होणार असे धरून चालले, तर ती बोटीबाहेर जाईल की आत, हे हा कप्पा ठरवतो. तो केबिनच्या बाजूने पूर्ण बंद हवा, झाकण वरून उघडणारे हवे, आणि अगदी तळाशी गॅस बाहेर टाकणारी नळी हवी. लहान बोटींच्या आयएसओ १०२३९ या मानकानुसार त्या नळीचा आतला व्यास किमान १९ मिलिमीटर असावा लागतो. नळीचे बाहेरचे तोंड बोट कललेली असतानाही पाण्याच्या वर राहिले पाहिजे, आणि ते खिडकीजवळ किंवा इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाजवळ नसावे. नळीला मध्ये झोळ पडला असेल तर त्यात पाणी साचते, आणि गॅसचा दाब इतका नसतो की तो ते पाणी ढकलून पुढे जाईल. सिलिंडर काढून कप्प्यात बादलीभर पाणी ओतावे. ते न रेंगाळता सगळे बाहेर गेले पाहिजे. त्यानंतर नळीचे तोंड बुचाने बंद करून कप्प्यात थोडे पाणी ठेवावे आणि केबिनच्या बाजूने भिंत ओली होते का ते पाहावे. तांब्याची नळी आणि विजेच्या तारा जिथून भिंत ओलांडतात ती छिद्रे बहुधा दोषी निघतात. कप्प्यात दोर, साखळी, रंगाचे डबे असे काही ठेवू नये. त्यांनी तळाचे भोक बुजते. भरलेला असो वा रिकामा, जादा सिलिंडरही याच कप्प्यात उभा आणि बांधलेला असावा.

आता गळतीची चाचणी. सिलिंडरच्या बाजूला दाबमापक बसवलेला असेल, तर शेगडीचे बर्नर बंद ठेवून नळीमार्गावरचे बाकीचे सगळे व्हॉल्व्ह उघडावेत, सिलिंडर उघडून काटा स्थिर होऊ द्यावा आणि मग सिलिंडर बंद करावा. काटा किमान ३ मिनिटे जागेवरून हलता कामा नये. मी स्वतः १० ते १५ मिनिटे थांबतो, कारण फार बारीक गळती ३ मिनिटांत नजरेत भरत नाही. काही बोटींवर दाबमापकाऐवजी बुडबुडे दाखवणारे उपकरण असते. त्यात सिलिंडर उघडा ठेवून बटण दाबायचे आणि काचेतल्या द्रवाकडे बघत राहायचे. द्रव निश्चल राहिला तर उपकरणाच्या पुढची वाट बंदिस्त आहे. मात्र ते उपकरण चालते आहे याची खात्री आधी करावी: एक बर्नर मंद पेटवून बटण दाबले तर बुडबुडे दिसायलाच हवेत. आणि हे लक्षात असू द्यावे की ते रेग्युलेटरच्या पुढे बसवलेले असल्याने सिलिंडर आणि रेग्युलेटर यांमधल्या जोडाबद्दल ते काहीच सांगत नाही. त्या जोडाला साबणाचा फेसच लावावा लागतो. अमोनिया असलेले साफसफाईचे द्रव यासाठी वापरू नयेत, त्यांनी पितळेला तडे जातात. काडी पेटवून गळती शोधणे कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य आहे.

रबरी नळी हाताने नुसती चाचपून उपयोग नाही. ती टोकाजवळ वाकवून बाहेरची कड उजेडात पाहावी. जुन्या नळीवर केसासारख्या बारीक चिरा उमटलेल्या दिसतात, ज्या नळी सरळ असताना मिटलेल्या असतात. बोटीबरोबर झुलणाऱ्या शेगडीमागची नळी सतत हलत असल्यामुळे ती आधी थकते. नळीवर वर्ष छापलेले असते. ५ वर्षांनंतर ती चांगली दिसली तरी बदलावी, आणि वर्ष वाचताच येत नसेल तर आजच बदलावी. रेग्युलेटरचे आयुष्य साधारण १० वर्षे धरतात, पण खाऱ्या हवेत तो त्याआधीही गंजतो आणि त्याचे श्वासछिद्र मिठाने बुजते. तो सिलिंडरच्या व्हॉल्व्हपेक्षा उंचावर बसवावा, म्हणजे नळीतला तेलकट द्रव त्यात न उतरता मागे वाहून जातो.

तांब्याच्या नळीला साधारण अर्ध्या मीटरवर पट्टी हवी, आणि ती भिंतीतून जाते तिथे रबरी कडे हवे. हिरवट थर किंवा घासल्याची चमक दिसली तर तो तुकडा बदलावा.

शेगडीवर ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय प्रत्येक बर्नरला आहे का ते पाहावे. बर्नर पेटवून, तो गरम झाल्यावर ज्योत फुंकून विझवावी. साधारण मिनिटभरात बारीक ‘टक’ आवाज होऊन गॅस थांबला पाहिजे. ही सोय नसलेली जुनी शेगडी दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलावी, असे माझे ठाम मत आहे. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर हवा अपुरी पडते आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत असण्याची शक्यता आहे. त्याला वास नसतो, म्हणून त्याचा वेगळा अलार्म केबिनमध्ये हवा. गॅसच्या गळतीचा अलार्म खाली, पण तळातले पाणी पोहोचणार नाही अशा जागी लागतो. एक दुसऱ्याचे काम करत नाही. शेगडीचा वापर केबिन गरम करण्यासाठी करू नये.

वरची पाहणी, साबणाची चाचणी आणि कप्प्याची सफाई आपण स्वतः करू शकता. नवी नळी टाकणे, जोड उघडणे आणि बर्नर चालू असतानाचा दाब मोजणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. हा दाब शेगडीवरच्या पट्टीत लिहिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. अलीकडच्या बऱ्याच बोटींवर तो ३० मिलिबार असतो. मोजलेले आकडे त्याच्याकडून लिहून घ्यावेत, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

वास आलाच तर ज्योत विझवून सिलिंडर बंद करावा, विजेचा एकही स्विच चालू किंवा बंद करू नये, इंजिन सुरू करू नये, झाकणे उघडून सर्वांना बाहेर काढावे आणि बोटीतून वारा खेळू द्यावा. तळातला गॅस हातपंपाने किंवा बादलीने, जणू पाणीच उपसतो आहोत असा, उपसून बाहेर टाकता येतो. गळतीची जागा सापडून ती दुरुस्त होईपर्यंत आणि दाबाची चाचणी पुन्हा उत्तीर्ण होईपर्यंत सिलिंडर उघडू नये.