एकाच खात्यात दहा जण काम करतो, मग दमा मलाच का झाला? रक्तातच असेल का?

तुम्ही विचारलंय ते हे 'रक्तातच असेल' मी अकरा वर्षं ऐकतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

चिंचवडला काकांचं गॅरेज होतं. चुलतभाऊ आणि मी एकाच बूथमध्ये स्प्रे मारायचो. बूथ म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि एक एक्झॉस्ट फॅन. टूके पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा गाडीचा रंग, वर चकाकीचा क्लिअर कोट, तोंडाला रुमाल. पाच वर्षं काही नाही. मग रात्री दोन-अडीचला धाप लागायला लागली. रविवारी बरं वाटायचं, गणपतीत गावी गेलो की एकदम मोकळं, आणि परत कामावर आलो की त्याच रात्री छातीत घरघर. भावाला काही नाही. खरं तर लहानपणापासून धुळीने शिंकून बेजार होणारा तो, मी नव्हे. काकांनी चारचौघांत निकाल दिला, "आजोळचा दमा आहे तुझा. आईकडून आलाय." आई आत पोळ्या लाटत होती, तिने ऐकलं.

टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं, रंग कडक करणारं रसायन असतं. ते हाताळणाऱ्या शंभरात साधारण पाच-दहा जणांनाच दमा होतो, म्हणजे अंगाअंगात फरक आहे, हे मान्य. परकं काय ते शरीराला ओळखून देणारी एचएलए जनुकं आणि विषारी पदार्थ निकामी करणारी काही जनुकं, यांत फरक सापडलेत. पण एचएलएचा जो प्रकार इटलीतल्या दमेकरी कामगारांत जास्त दिसला, तो सगळ्या देशांत तसा दिसला नाही. शिवाय तो प्रकार असूनही ठणठणीत माणसं भरपूर. त्यामुळे रक्त तपासून कुणाला कामावर घ्यायचं हे ठरवणं थोतांड आहे. बेकरीत, पिठाच्या गिरणीत आधीपासून ॲलर्जी असलेल्याला धोका जास्त. रंगाच्या कामात तेवढंही धड सांगता येत नाही. आणि हार्डनर नाकात गेलाच नसता तर माझी जनुकं काय करणार होती?

पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे फुंकर किती जोरात जाते ते मोजणारी नळी. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी, रोज चार वेळा फुंकून आकडे वहीत लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि काम काय करता ते स्पष्ट सांगा. कामामुळे होणारा दमा सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे नुकसानभरपाईसाठी धरलेल्या कामाच्या आजारांच्या यादीत आहे, मालक काहीही म्हणो. रुमाल वाफ अडवत नाही, बाहेरची हवा पाइपने देणारा मास्क लागतो. पण एकदा अंगाने धरलं की कणभरही पुरतं, तेव्हा मास्कच्या भरवशावर तिथेच राहू नका. मी दोन वर्षं उशिरा सोडलं, पंप अजून खिशात असतो.

मी डॉक्टर नाही. तुमचं खातं कसलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, तुमचं कारण वेगळंही असेल.

राहता राहिले आजोबा, आईचे वडील. धाप त्यांना लागायची, खोटं कशाला बोलू. पण दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचे, आणि त्या आणून द्यायचे आमचे हेच काका.