एकच घाट धर

पोरी,

रेल्वेच्या खिडकीतून काढलेले तुझे तीनशे चाळीस फोटो बघून झाले. रात्री दीडला पाठवलेला मेसेजही दोनदा वाचला. ‘मला बघता येत नाही की नुसतं काढता येत नाही, तेच कळत नाही,’ असं लिहितेस आणि त्याच्याच खाली सात गाड्यांची यादी देतेस. कालका-सिमला, निलगिरी, दार्जिलिंग, अराकू, दूधसागर, कोकण, बनिहालच्या पुढचं काश्मीर. वर्षभरात सगळ्या करायच्यात, आधी कुठली करू म्हणतेस.

एकही नाही. तू डोंबिवलीत राहतेस. लोकलने तास-सव्वा तासावर कर्जत. तिथून लोणावळ्यापर्यंत अठ्ठावीस किलोमीटरचा बोरघाट. तो धर. एकच घाट धर.

‘तो काय, रोजचाच,’ असं तू मनात म्हणालीस, मला ऐकू आलं. रोजचा कुणाचा गं? पुण्याला जाताना कर्जतला वडापाव घेतेस, तो खाऊन हात पुसेपर्यंत खंडाळा येतं. पण तुला काय बोलू, मी तुझ्याहून वाईट होतो. अकरा वर्षं पुणे-मुंबई पास काढला. जाताना पत्ते, येताना झोप. बोगदा आला की हातातली पानं दिसायची नाहीत, एवढाच माझा आणि घाटाचा संबंध. वर्षाचे अडीचशे दिवस, दोन्ही वेळा. हिशोब तू कर, माझ्याच्याने होत नाही. मग एका सप्टेंबरात सकाळी मुंबईकडे उतरताना गाडी घाटातल्या मंकी हिलला दीड तास अडकली. नेमका चौथा गडी आला नव्हता, म्हणून डाव नव्हता. म्हणून बाहेर बघितलं. मला दृष्टी वगैरे काही मिळाली नाही, चौथा गडी आला नव्हता इतकंच.

आता तुझ्या फोटोंबद्दल. साठेक फोटोंत विजेचा खांब मधोमध आलाय. कॅमेऱ्याचा दोष नाही, नवा घेऊ नकोस. खांबांना ताल असतो, वळणावर ते जवळ जवळ येतात, सरळीत लांब जातात. दोन-चार खेपांनी बोट आपोआप मधल्या फटीत उठतं. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा संथ ठेवू नकोस. जवळचं गवत फराटे मारणारच, त्याच्याकडे बघू नकोस, दरीपलीकडे बघ. बोगद्यातून बाहेर आल्यावरचे तुझे सगळे फोटो पांढरेफटक आहेत, कारण मोबाइल अंधाराला सरावलेला असतो आणि त्याला सावरायला जो क्षण लागतो त्यात दरी निघून जाते. बोगद्यात शिरायच्या आधीच आकाशावर बोट दाबून उजेड पक्का करून ठेव. पण कुठल्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर दरी आहे आणि कुठल्यातून नुसताच कातळ, हे मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही. त्यासाठी तिथून वीस वेळा जावं लागतं. त्याच घाटातून.

कुठल्या बाजूची खिडकी, असं विचारलंस. सकाळी पुण्याकडे चढताना उल्हास नदीची दरी डावीकडे असते, पण ऊन तिकडूनच येतं. राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, नुसते निळसर धुरकट दिसतात. त्या वेळी खंडाळ्याजवळ उजवीकडचा नागफणीचा सुळका बघावा. दुपारच्या गाडीने पुण्याहून उतरताना राजमाची उजवीकडे येते आणि ऊन तुझ्या पाठीशी असतं. शिवाय उतरणाऱ्या गाडीला घाटात मध्येच थांबावं लागतं. सदतीस मीटरला एक मीटर असा उतार आहे, ब्रेक धरतोय याची खात्री केल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, आणि नाहीच धरला तर गाडी वळवायला चढावर जाणारा कॅच सायडिंगचा फाटा ठेवलेला आहे. बाकीचे प्रवासी तेव्हा ‘आता काय झालं’ म्हणून कुरकुरतात. तुझ्यासाठी तेवढी एक-दोन मिनिटं हलत नसलेल्या खिडकीची.

व्हिस्टाडोम, तो मोठ्या काचांचा डबा? २०२१ पासून या मार्गावर आहे, आईला घेऊन जा, तिला आवडेल. फोटोला नको. काचेत डोंगराआधी शेजारच्याचा लाल टी-शर्ट येतो. तुझं काम साध्या डब्याच्या उघड्या खिडकीत, गजांच्या मधून. दारात उभी राहिलीस असं कळलं तर पुढचं पत्र येणार नाही.

आणि दिवसाचीच गाडी. रात्री गेलं की दिवस वाचतो म्हणतात. वाचवून त्याचं करतात काय, देव जाणे.

एकच घाट का, हे तुला अजून पटलेलं नाही. कारवी सात वर्षांनी फुलते. एकदाच जाणाऱ्याला ती दिसली तर लॉटरी, नाहीतर नुसतं हिरवं रान. जूनमध्ये ढग डब्यात शिरतो, ऑगस्टात धबधबे इतके की कंटाळा येतो (खरंच येतो), ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी होते. आणि ज्या एप्रिल-मेमध्ये कुणी कॅमेरा काढत नाही, तेव्हा गवत वाळून डोंगराची हाडं दिसतात, काळ्या लाव्हाचे एकावर एक थर, पायऱ्यांसारखे. मला सगळ्यात तो घाट आवडतो. तुझ्या यादीत मे नाहीच.

हा घाट बांधायचा ठेका घेऊन सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. बायको ॲलिस पहिल्या बोटीने परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने ठेका स्वतःकडे घेतला आणि १८६३ मध्ये घाट पुरा झाला. दर वेळी पहिला बोगदा आला की मला ती आठवते. माझं आणि तिचं काही नातं नाही, पण चिवट माणसं मला आवडतात.

माझी मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्ही नव्या जागेला घाबरता, त्याला तत्त्व म्हणू नका.’ दार्जिलिंगला आम्ही गेलो होतो, नोकरीतल्या प्रवास-सवलतीवर. तिथे मी चारशे फोटो काढले आणि ठेवण्यासारखा एक निघाला, तोही बतासियाच्या वळणावर तुझ्या काकूच्या शालीचा. कांचनगंगा कुठून उजाडते, गाडी कुठे रेंगाळते, काहीच ठाऊक नाही. पाहुण्यासारखे फोटो आले. सिमल्याला मग गेलोच नाही. सगळे जाऊन आले, मी त्या आठवड्यात कर्जत-लोणावळा तीनदा केलं. हिने ते अजून विसरलेलं नाही. चुकलं असेल. सिमल्याला तिच्या शेजारी बसायचं होतं, फोटो काढायचेच होते असं कुठे होतं? हे आता सुचतं. पण फोटोंपुरतं म्हणशील तर माझं चुकलेलं नाही, हे तुला निक्षून सांगतो.

बरं, एकच घाट धरूनही सुटायचं ते सुटतंच. कर्जतला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, ती आमच्या वेळी जुन्या डीसी विजेवरची इंजिनं होती. रोज लागायची. रोजची म्हणून राहू दिली. मग घाटातली वीज बदलली आणि ती गेली. माझ्याकडे घाटाचे पाच-सहा हजार फोटो असतील, त्यात त्यांचा धड असा एकही नाही.

तर शनिवारी सकाळच्या गाडीने, अगदी मागच्या जनरल डब्यात बस. वळणावर तिथून पुढची अख्खी गाडी दिसते. कर्जत आलं की उतरून आधी मागे जा, बँकर लागताना बघ, काढ. वडापाव राहिला तर राहू दे. गाडी फार थांबत नाही.

तुझा,
काका