बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटं मशीन शॉप आहे, वीज वाचवायचा कार्यक्रम कुठून सुरू करू?

सोलरचं कोटेशन नंतर बघा हो, आपल्या बडोद्यात सगळे आधी तिकडेच पळतात. आधी वर्षभराची बिलं काढून युनिट, मॅक्सिमम डिमांड (महिन्यात एका वेळी घेतलेला सर्वात जास्त लोड) आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरंच कामी येते याचा आकडा) एका शीटमध्ये टाका, आणि युनिटला महिन्याच्या प्रॉडक्शनने भागा, कारण नुसतं बिल कमी झालं म्हणजे बचत झाली असं नसतं, ऑर्डरी कमी असल्या तरी बिल उतरतंच की.

मग कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून देणारं यंत्र. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशिनी बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि मोबाईलवर वेळ लावा, समजा २ मिनिटं लोड (हवा भरत) आणि ६ मिनिटं अनलोड (हवा न भरता रिकामा) चालला तर त्याच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती गळतेय, आणि देखभाल नसेल तर २०-३० टक्के गळती सर्रास सापडते. साबणाचं पाणी घेऊन कपलिंग, होस, ड्रेन व्हॉल्व्ह बघत जा, बुडबुडे दिसतातच. गळती काढली की प्रेशर थोडं थोडं खाली आणा, १ बार कमी केला तर साधारण ६-७ टक्के वीज वाचते आणि खर्च शून्य!

मोटारी जळल्या की परत परत रिवाइंड करत बसू नका, आयई३ (कमी वीज खाणाऱ्या जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातली) मोटार घ्या, पण सगळ्या एकदम नको, जास्त तास चालणारी आधी.

बीईईने (केंद्र सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेने) २०१२ मध्ये सुरू केलेली पॅट योजना, म्हणजे वीज-इंधन बचतीचं टार्गेट देणारी योजना, सिमेंट, स्टील, खतवाल्या मोठ्या कारखान्यांसाठी, तुमचा त्यात नंबर नाही. एनर्जी ऑडिटरला (वीजवापर तपासणाऱ्याला) मात्र बोलवा, फक्त त्याच्या रिपोर्टमधल्या प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि तारीख लिहून घ्या, नाहीतर फाइल कपाटात जाते.